दस्तीखालचा आकडा

नलिनीबाईंनी मला बाद केलं. चाळीस वर्षं शेळ्यामेंढ्यांच्या व्यापारात काढली, जिंतूर, सेलू, पाथरी असे बाजार पायाखाली घातले, भांडलो, शिव्या दिल्या, घेतल्या. पण माझा शब्द कुणी बाद धरला नव्हता. तो त्या पाच फुटांच्या बाईने धरला, तोही निळ्या शाईने, माझ्यासमोर. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही आणि जाईल असं मला वाटत नाही.

आणि तरीही परवा बाजारात एका ओळखीच्या दलालाने मोबाइल माझ्या नाकाला लावला. त्यात कोणीतरी हेडफोन घालून बसला होता आणि खाली लिहिलं होतं, कानात आवाज सोडा, चक्कर घालवा, खात्रीशीर. दलाल म्हणाला, "माणिकराव, तुमाला असंच केलतं न्हाई का परभणीच्या बाईनं?" माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "त्या बाईनं खात्रीचा शब्द एकदाबी उच्चारला न्हाई. बंद कर ते." दलाल बघतच राहिला. मीही बघत राहिलो, कारण जिच्यावर माझा राग आहे तिच्याच बाजूने मी भांडत होतो. म्हणून हे लिहायला बसलो.

परभणीला एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात बाई कान तपासायचं काम करत. डॉक्टर वेगळे, बाई वेगळ्या. डॉक्टरांनी बघितलं की ते चिठ्ठी देत आणि माणूस बोळीच्या टोकाच्या खोलीत बाईंकडे जाई. त्या खोलीत आणखी एक खोली होती, कपाटाएवढी. तिच्या भिंतींना आतून स्पंज, दाराला रबर. तिथे माणसाला बसवायचं, कानाला यंत्र लावायचं आणि बारीक बारीक आवाज सोडून विचारायचं, आला का, आला का. आमच्याकडची माणसं बाईंना 'कानाच्या बाई' म्हणत. बाईंना ते आवडे. म्हणत, "नाकाच्या म्हणण्यापेक्षा बरं."

त्यांची एक सवय कुणीही आधी बघावी अशी होती. तपासणीच्या आधी त्या हातातल्या बांगड्या काढत. घाई नाही, एकेक. टेबलावर स्टीलचा एक डबा होता, पानसुपारीचा असतो तसा, त्यात रुमाल अंथरलेला. त्या रुमालावर बांगड्या ठेवत, म्हणजे ठेवतानाही वाजू नयेत. तपासायला आलेल्या बायांच्या बांगड्या, पैंजण, जोडवी, सगळं त्या डब्यात जाई. परभणीचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. तरी त्या खोलीत पंखा बंद. भिंतीवर घड्याळ होतं पण त्यात सेल नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "टिकटिक करायचं. कान उगीच तिकडे पळतात." मग वेळ कशी कळते म्हटलं तर खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "समोरच्या हॉटेलात भजी तळायला घेतली की चार."

आणि त्यांचा आवाज. तो आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, शेवटचा एक प्रसंग सोडून, तो पुढे सांगतो. त्यांचे वडील सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होते, यंत्रांच्या घरघरीने त्यांचे कान गेले, आणि घरात जो तो त्यांच्याशी ओरडून बोलू लागला. बाई लहान होत्या. त्यांनी एकदा वडिलांच्या जवळ जाऊन, तोंडासमोर तोंड धरून, हळू सांगितलं, आणि वडिलांना कळलं. "तेव्हापासून मी ओरडायचं सोडलं," म्हणाल्या. स्वतःबद्दल त्यांनी मला एवढंच सांगितलं. बाकी त्या कुठल्या, लग्न का नाही केलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो आडवा पडून. म्हणजे झालं असं, की एका तापानंतर माझ्या एका कानाच्या आतल्या भागाला सूज आली. आठ दिवस घर फिरत होतं. सूज गेली, घर थांबलं, पण पाय थांबेनात. अंधारात भिंत धरावी लागे. मान वळवली की जमीन मागून यायची. आणि मेंढरांच्या बाजारात मान न वळवता कसं चालेल? एका बाजाराच्या दिवशी मेंढरं गुडघ्याला घासून गेली आणि मी त्यांच्यातच कोसळलो. चाळीस वर्षं दारूचा थेंब न घेतलेला माणूस. समोरचा बाबुराव, माझ्याच धंद्यातला, मोठ्याने म्हणाला, "माणिकराव, आज सकाळीच का?" सगळा बाजार हसला. त्यानंतर गिऱ्हाईक माझ्या जनावरांचे दात बघायच्या आधी माझे पाय बघायला लागलं. दोन शेळ्यांवर उभा केलेला धंदा. व्यापाऱ्याला उभं राहता येत नसेल तर त्याने काय करायचं? घरी बसायचं. मी घरी बसायला तयार नव्हतो.

तर मी भिंत धरत बाईंच्या खोलीत शिरलो आणि पहिलं वाक्य म्हणालो, "बाई, मी पिऊन आलेलो न्हाई, हे आधी लिवून घ्या."

दुसरं कोणी हसलं असतं. बाईंनी वही उघडली आणि लिहिलं. मला उलटी अक्षरं वाचता येतात, धंद्याने शिकवलेली विद्या. 'प्यालेले नाहीत.' मग वर बघून म्हणाल्या, "लिहिलं. पुढे?"

पुढे त्यांनी मला सांगितलं की कानाचं काम नुसतं ऐकायचं नाही. एक वाटी घेतली, तिच्यावर फुग्याचं रबर ताणलं, वर चिमूटभर रवा टाकला आणि वाटीजवळ तोंड नेऊन हुंकार भरला, देवळाच्या गाभाऱ्यात घुमतो तसा. रव्याचे कण थरथरले. "कानाच्या आत असेच बारीक खडे असतात, माणिकराव. तुम्ही वाकलात, वळलात, की ते हलतात आणि डोक्याला कळतं आपण कुठे आहोत. तुमच्या कानातलं ते काम मंदावलंय."

"माझ्या कानात खडी?" मी म्हणालो. "रस्त्याचं काम काढलंय का आत?"

"काढलंय, पण ठेकेदार पळालाय," बाई म्हणाल्या. तोंडावरची रेघ हलली नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. त्याशिवाय बाईंनी मला कसरती दिल्या. अंगठा समोर धरायचा, नजर अंगठ्यावर रोवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. मग चालता चालता तेच. मी बांधावर हे करत असताना बायको म्हणाली, "अवो, शेळ्यायला सलाम करायलाव का काय?" पण केलं. सहा-सात आठवडे केलं.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तो आवाज. बाईंच्या जुन्या सरांनी त्यांच्याकडे काही दिवसांसाठी एक यंत्र दिलं होतं. डबीएवढं. त्याच्या पट्ट्याला एक गोल बटण, ते कानामागच्या हाडावर दाबून बसायचं. त्यातून एक घुमणारा आवाज येई. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला डोकं टेकल्यावर कसं वाटतं, तसं. आवाजाने ते खडे, ते पाणी, जे काय आत आहे ते जागं होतं का, आणि माणसाचा तोल सावरतो का, हे बघायचं होतं. बघायचं होतं, हे बाईंचे शब्द. "बरं करायचंय असं मी म्हणत नाही. बघायचंय. काही झालं नाही तर तेही बघायचंय." सात माणसं त्यांनी यासाठी धरली होती. काहींना खरा आवाज, काहींना नुसता, म्हणजे ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही असा. कुणाला कोणता, ते बाईंनाच माहीत.

त्यासाठी सही करायचा कागद होता. मी तो सगळा वाचला. त्यात लिहिलं होतं की रुग्ण कधीही, कारण न सांगता, सोडून जाऊ शकतो. मी म्हणालो, "बाई, आजवर जितक्या कागदावर सह्या केल्या त्यात माझ्या फायद्याचं कलम हे पहिलंच." सही केली. पण मग त्या म्हणाल्या, बारा वेळा यावं लागेल. चारठाण्याजवळच्या माझ्या गावाहून परभणी, एसटीत पोटातलं वर येत असताना, बारा वेळा!

"लय झालं. सहा करा," मी म्हणालो.

"तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, बकरू अर्धंच द्या, तर?"

"अर्धं कसं देता येतंय बाई? मरतंय न्हाई का ते?"

"हेही मरतं," बाई म्हणाल्या आणि माझ्या नावापुढे बारा चौकटी आखल्या. सौद्यात मी हरलो तर मला झोप लागत नाही. त्या दिवशी एसटीत लागली.

दर वेळी दोन मोजण्या होत, आणि दोन्ही मिळूनच नोंद धरायची. एक पायांची. जाड स्पंजावर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं. बाई शेजारी हात पसरून उभ्या, पडलात तर झेलायला, आणि हळू आवाजात आकडे मोजत. दुसरी तोंडाची. "दहापैकी किती स्थिर वाटतं?" मी म्हणत असे, तीन.

बाईंचा माणसाच्या तोंडावर फारसा विश्वास नव्हता, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी बघितलं. देवगाव फाट्याकडची एक म्हातारी, राधाकाकू, त्या सातांतली होती. येताना बाईंसाठी तुरीच्या शेंगा आणायची. विचारलं की म्हणायची, "लय फरक हाय लेकी, तुज्या हाताला गुण हाय." बाई आकडा लिहीत आणि म्हातारी निघाली की खिडकीशी जाऊन उभ्या राहत. खिडकीतून दवाखान्याचं अंगण दिसे, दारापासून फाटकापर्यंत. एकदा मलाही बोलावलं. "बघा." म्हातारी दारातून ताठ निघाली. अंगणाच्या मध्यापर्यंत ताठ. आणि फाटकाशी आल्यावर, आता कुणी बघत नाही असं वाटल्यावर, तिने दोन्ही हातांनी फाटकाची सळई घट्ट धरली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"आपल्याकडची माणसं," बाई म्हणाल्या, "समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बरी होतात."

आमच्याकडे असंच आहे. औषध देणाऱ्याला, जेवू घालणाऱ्याला, मास्तरला, फरक नाही असं तोंडावर कुणी म्हणत नाही. मानाच्या माणसाचं मन मोडायचं नाही. पुढच्या खेपेला बाई म्हातारीच्या पायांशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. खरं सांगा. मला खरं सांगितलंत तर शेंगांपेक्षा गोड लागेल." म्हातारी आधी रडली, मग म्हणाली, "लेकी, काई फरक न्हाई बघ. पर तू एवडी झटायलीस, कसं म्हणू?" बाईंनी तिला तिथल्या तिथे छातीशी धरलं. आधीचे आकडे रेघ मारून बाजूला ठेवले, नवे सुरू केले. तेव्हा चौथीच खेप होती, सुरुवात नव्याने करता आली.

मी मनात म्हणालो, मी असला नाही. मी कुणाची भीड धरत नाही. बाईंना खरा माणूस मिळाला तो मीच. बाईही तेच समजत होत्या. एकदा डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं, "माणिकरावांचा शब्द मला हवा आहे. ते गोड बोलत नाहीत."

मधे मी त्यांना म्हणालो, "बाई, हे यंत्र विकायचं का? बोला. घरी नेतो, खुंट्याला बांधून ठेवतो."

"अजून दूध देतं की नाही तेच कळलं नाही, आणि तुम्ही दावं घेऊन आलात?"

"दिसायलंय की देतंय."

बाईंनी मान झटकन वर केली. "कुठे दिसतंय? तुम्ही तर तीन म्हणता."

मी यंत्राचा पट्टा डोक्यावर चढवला.

दहाव्या खेपेला ते फुटलं. स्पंजावर मी डोळे मिटून उभा होतो, बाई मोजत होत्या, आणि मोजणं संपेचना. शेवटी त्यांनीच थांबवलं. मी डोळे उघडले तर बाई माझ्याकडे अशा बघत होत्या जसं मी एखाद्या शेळीच्या तोंडात बघतो. "पहिल्या दिवशी तुम्ही पाच मोजेपर्यंत पडलात. आज मी साठ मोजले. दहापैकी किती?"

"तीन," मी म्हणालो.

"माणिकराव, पाय आठ सांगतात आणि तोंड तीन. का?"

मला स्वतःला तोपर्यंत कळलं नव्हतं. मग सांगितलं. बाजारात समोरचा माल कितीही उत्तम असो, आपण म्हणायचं, पाठ बसलीय, दात पडलेत, चालताना लंगडतंय. चांगला म्हटलं की भाव वर गेला. चाळीस वर्षांत मी एकाही जनावराला तोंडाने चांगलं म्हटलेलं नाही. बायकोच्या भाकरीला नाही. स्वतःच्या तब्येतीला नाही. ते तोंडात येतच नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. मग विचारलं, "मग बाजारात खरा भाव कळतो कसा?"

मी खांद्यावरची दस्ती काढली, म्हणजे आमचा मोठा रुमाल. सांगितलं, तोंडाने सगळे ओरडतात, ते खोटं. सौदा होतो तो दस्तीखाली. दोघांचे हात रुमालाखाली, आणि बोटं दाबायची. एक बोट एक, पूर्ण पंजा पाच. बाहेरच्याला दिसत नाही. तोंडाने शिव्या चालू असतात आणि खाली बोटं खरं बोलत असतात. तिथे कुणी खोटं बोललं तर त्याच्याशी पुन्हा कुणी हात मिळवत नाही.

बाईंनी हे सगळं ऐकलं. मग हातातल्या बांगड्या काढायला सुरुवात केली. एकेक. डब्यात ठेवल्या. आणि उजवा हात पुढे केला.

"टाका दस्ती. दहापैकी किती?"

माझ्यासारख्याचा हात एका शिकलेल्या, सभ्य बाईच्या हातात. दस्ती टाकली. आणि माझ्या बोटांनी पंजा दाबला, मग दोन बोटं. सात. तोंड म्हणालं, "तसंच हाय बाई, काई खास न्हाई."

बाईंनी हात काढून घेतला. सात लिहिलं. आणि मग माझ्या नावाच्या पानावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं. मी उलटं वाचलं. 'तोंडी आकडे विश्वसनीय नाहीत. नोंद धरू नये.'

मी भडकलो. असा भडकलो की डॉक्टर बाहेर आले. मी म्हणालो, राधाकाकूला नवी सुरुवात दिली, मला का नाही? बाई म्हणाल्या, त्यांच्या आठ खेपा उरल्या होत्या, तुमच्या दोन उरल्यात, आणि यंत्र परत करायचं आहे. मी म्हणालो, मला तर गुण आलाय, तुमच्या फायद्याचाच आकडा आहे माझा! माझ्यावाचून सहाच उरतात, सहात काय होतंय?

"सहा कमीच आहेत," बाई म्हणाल्या. आवाज आणखी खाली गेला, मला पुढे वाकावं लागलं. "मला तुमची फार गरज आहे, माणिकराव. म्हणूनच तुम्हाला ठेवता येत नाही."

"ह्ये कसलं इमान? ह्ये येडेपणाय!" मी ओरडलो. "चाळीस वर्षांत माजा शब्द—"

बाईंनी उठून त्या स्पंजाच्या खोलीचं दार उघडलं. "आत जा आणि पोटभर ओरडा. मी बाहेर थांबते. तुमचं झालं की या."

रागात मी खरंच आत गेलो. दार लागलं. आणि आवाजच संपला. जगात काहीच नाही असं झालं. मग हळूहळू माझं स्वतःचं रक्त ऐकू यायला लागलं, छातीतला ठोका, गिळलेली थुंकी. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. एवढ्या शांततेत खोटं ओरडता येत नाही. कारण मला माहीत होतं बाई बरोबर आहेत. मी थोड्या वेळाने बाहेर आलो. बाई म्हणाल्या, "झालं?" मी म्हणालो, "झालं." पाणी दिलं. उरलेल्या दोन खेपा मी गेलो, त्यांनी आवाज दिला, पायांची मोजणी केली. पण वहीत लिहिलं नाही.

यंत्र परत गेलं. पुढे बाईंनीही दवाखाना सोडला. बहिणीकडे जाणार, लांब, असं कळलं. माझं म्हणाल तर मी बाजारात परत उभा राहिलो. कशाने, ते मला सांगता येत नाही. गोळ्यांनी, की अंगठ्याला सलाम करून, की त्या घुमणाऱ्या आवाजाने. मला दिलेला आवाज खरा होता की नुसता, हेच मला माहीत नव्हतं. पन्नास जनावरांचा खरा भाव मी नजरेने सांगतो, आणि माझ्याच कानात काय घातलं ते मला माहीत नाही! हा दुसरा राग. पहिला बाद केल्याचा, दुसरा हा.

मग एका बाजाराच्या दिवशी पाथरीला, दुपार कलायला लागली होती, मी बाबुरावाशीच एका बोकडावरून भांडत होतो. तो म्हणत होता बोकड वाघासारखा आहे, मी म्हणत होतो क्षयी आहे. आणि कुंपणाच्या तारेपलीकडे बाई उभ्या. पाथरीला दर्शनाला आल्या होत्या, हातात प्रसादाची पुडी, पायात धुळीने भरलेल्या चपला. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. पायांकडे बघत होत्या.

मी बोकड सोडून गेलो. "बाई! तुमी इथं?"

"निघाले उद्या. म्हटलं, फाटकापाशी तुम्ही कसे दिसता ते बघावं." मग विचारलं, "कसं आहे आता?"

"हाय तसंच," मी म्हणालो. "काई खास न्हाई."

बाईंनी प्रसादाची पुडी काखेत धरली आणि बांगड्या काढायला लागल्या. भर बाजारात, मेंढरं ओरडत असताना, जनावरांच्या गाड्या हॉर्न देत असताना, तिथे बांगड्यांचा आवाज कुणाला ऐकू येणार होता? पण काढल्या. पिशवीतल्या रुमालात ठेवल्या. तारेवरून हात पुढे केला.

मी खांद्यावरची दस्ती त्या हातावर टाकली. पंजा दाबला. मग चार बोटं.

आणि बाई हसल्या. मी आधी म्हटलं तो प्रसंग हाच. एवढ्या मोठ्याने हसल्या, की जवळची दोन कोकरं बिचकली आणि बाबुरावाने बोकडाचा कान सोडला. त्या बाईच्या आत इतका आवाज आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

"आता लिवा की," मी म्हणालो. "नऊ लिवा."

"वही केव्हाच गेली परत, यंत्राबरोबर."

"मग इच्यारलं कशाला?"

"मला हवं होतं," बाई म्हणाल्या.

त्यांचा हात अजून दस्तीखाली होता. मी तो सोडला नाही. म्हणालो, "आता तुमची बारी. बोटानं सांगा. माझा आवाज खरा होता का नुसता?"

क्षणभर मला वाटलं, बोट हललं. पण नाही. "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला सांगाल, माणिकराव. पुढे कधी कोणी हे पुन्हा तपासायला घेतलं, तर हे ऐकून आलेल्या माणसांची तोंडं तर खोटी बोलतीलच, बोटंही खोटी बोलतील."

मी सांगितलंच असतं. दोघांनाही माहीत होतं. मी हात सोडला.

मानवतकडे जाणारी जीप लागली होती, माणसं दाबून भरलेली. बाईंना पुढे, खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी मला हात वगैरे केला नाही. पिशवीतून रुमाल काढला, मांडीवर उघडला आणि बांगड्या चढवायला लागल्या, एकेक. जीप हलली, बैलगाडी चुकवून डावीकडे वळली, मग उजवीकडे, आणि मी त्या खिडकीवर नजर ठेवून मान वळवत राहिलो, इकडे, तिकडे. मागून मेंढरांचा एक कळप आला आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांना घासत पुढे निघून गेला.

जीप दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तार माझ्यापासून हातभर लांब आहे, आणि मी कशालाच धरलेलं नाही.